इंदूरचे नळ, निमाडची नर्मदा आणि सांवेरची शेती : पाण्याच्या वाट्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झाल्यापासून मी दोन प्रकारच्या बैठकांना जातो. काही रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगरातल्या आपल्या मराठी मंडळांच्या असतात, काही सांवेर आणि देपालपूरकडच्या गावांतल्या. शहरात विचारतात, नळ एक दिवसाआड का? गावात विचारतात, आमच्या विहिरीचं पाणी कुठे गेलं? दोन्हीकडे तेच तेच प्रश्न येत राहिले, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच सांगितलं आहे.

इंदूर नर्मदेतून नेमकं किती पाणी उचलतं?

तीन टप्प्यांचं मिळून ५४० एमएलडी. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, म्हणजे एकूण ५४ कोटी लिटर. पहिले दोन टप्पे ९०-९० एमएलडीचे, तिसरा एकटा ३६०चा. हे पाणी खरगोन जिल्ह्यात मंडलेश्वरजवळच्या जलूदहून निघतं, सुमारे सत्तर किलोमीटर चालतं आणि विंध्याचा घाट चढून आपल्या टाक्यांत पडतं.

एवढं शहराने घेतल्यावर शेतीला कमी पडणारच ना?

हा प्रश्न दोन्हीकडे सगळ्यात आधी येतो, आणि हिशोब मांडला की दोन्हीकडचे लोक कागद-पेन मागतात.

नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली निवाडा दिला. पंचाहत्तर टक्के भरवशाचं, म्हणजे चारातली तीन वर्षं तरी मिळेलच असं पाणी २८ दशलक्ष एकरफूट धरून (एकरफूट म्हणजे एका एकरावर फूटभर उभं राहील एवढं पाणी) त्यातलं मध्य प्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५० आणि महाराष्ट्राला ०.२५ असं वाटून दिलं. एकरफुटाचं घनमीटर केलं तर आपल्या राज्याच्या वाट्याला वर्षाला सुमारे २,२५० कोटी घनमीटर येतात. इंदूरचं वर्षभराचं उचलणं होतं १९.७ कोटी घनमीटर. शंभरातला एक भागसुद्धा पुरता भरत नाही.

आता शेताच्या बाजूने बघा. काळ्या जमिनीत गव्हाला चार-पाच पाणी द्यावं लागतं. सगळं मिळून हेक्टरी तीन हजार घनमीटर धरा, म्हणजे तीस लाख लिटर. इंदूर शहराचं एका दिवसाचं पाणी १८० हेक्टर गव्हाला पेरणीपासून ओंबीपर्यंत पुरेल. शेती केवढी मोठी गिऱ्हाईक आहे हे यातून कळतं. शहराने नळ बंद केले म्हणून राज्यातली शेती ओली होणार नाही, हेही कळतं.

म्हणून नर्मदेच्या एकूण पाण्यावरून शेतकरी आणि इंदूरकर यांना एकमेकांसमोर उभं करणं मला चुकीचं वाटतं. खरी ओढाताण दुसऱ्या तीन जागी आहे : शहराच्या कडेला जमिनीखाली, घाट चढवायच्या विजेत, आणि वापरून झालेलं पाणी आपण कोणाच्या दारात सोडतो त्यात. पुढचे बहुतेक प्रश्न या तीन जागांचेच आहेत.

इतक्या लांबून पाणी आणण्याची वेळ शहरावर का आली? इथे नद्या-तलाव होतेच की.

होते. कान्ह आणि सरस्वती शहरातून वाहतात. बिलावली आणि सिरपूर हे तलाव जुन्या इंदूरची तहान भागवायचे. पुढे गंभीर नदीवर यशवंतसागर बांधला गेला आणि तो होळकरांच्या काळातल्या शहराला पुरला. गिरण्या वाढल्या, वस्ती वाढली, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस उन्हाळा काढणं कठीण झालं. १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी शहराने मोठं आंदोलन केलं, त्यात अभ्यास मंडळ या इथल्या नागरिकांच्या संस्थेचा पुढाकार होता. १९७८ साली पहिलं पाणी आलं. त्या वेळचे लोक आजही सांगतात की अनेकांनी नळाची पूजा केली होती. तिसऱ्या टप्प्याचं पाणी यायला २०१० नंतरचं दशक उजाडलं.

एक गोष्ट मात्र सलते. नर्मदा आली आणि आपण आपले तलाव विसरलो. सिरपूर आणि यशवंतसागर या दोन्हींना २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली आणि २०२५ च्या जानेवारीत इंदूरला पाणथळ शहराची आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. हे चांगलंच झालं. पण तलावात पाणी येण्याच्या वाटांवर कॉलन्या उभ्या राहिल्या, त्या मान्यतेने मोकळ्या होत नाहीत.

कायद्यात पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला असतो. मग शेतकरी कायम मागेच राहणार का?

२००२ च्या राष्ट्रीय जलनीतीत क्रम सरळ लिहिला होता : आधी पिण्याचं, मग सिंचन, मग वीज, आणि त्यानंतर उद्योग वगैरे. २०१२ च्या नीतीतही पिणं आणि स्वच्छता यांना अग्रक्रम आहे. यावर भांडण असू नये. तहानेला पहिला घोट मिळालाच पाहिजे, गावातल्याही आणि शहरातल्याही.

अडचण वेगळी आहे. शहराच्या पाइपातून जे येतं ते सगळं 'पिण्याचं' म्हणून मोजलं जातं. त्यात गाड्या धुणं येतं, लॉन येतं, हॉटेलांचे पोहण्याचे तलावही येतात. गटारयोजना असलेल्या शहरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण आहे, ग्रामीण भागासाठी जल जीवन मिशनने ५५ लिटर धरलं. माणूस तोच, तहान तीच. शहरात फ्लश आणि गटार चालवायला जास्त पाणी लागतं हे मान्य करूनही माझं म्हणणं असं की अग्रक्रम पहिल्या शंभर-सव्वाशे लिटरना असावा. त्यावरच्या वापराला शेतीच्या पुढे उभं राहायचा हक्क नाही.

राज्यांतला वाटा लवादाने ठरवला. राज्याच्या आत शहर किती आणि शेती किती हे कोण ठरवतं?

राज्य सरकार. जाता जाता एक नोंद : लवादाच्या निवाड्याचा फेरविचार प्रसिद्धीनंतर ४५ वर्षांनी करता येतो, म्हणजे २०२४ च्या डिसेंबरनंतर तो दरवाजा उघडला आहे. गुजरातने आपल्या ९ दशलक्ष एकरफुटांपैकी ७.९४ सिंचनाला आणि १.०६ घरगुती व उद्योगाला असा हिशोब मांडून ठेवला. असं मांडून ठेवलं की वाढीव मागणी आली तर ती कोणत्या रकान्यातून जाते हे सगळ्यांना दिसतं.

घाट चढवायच्या विजेचा आणि शेतीचा काय संबंध?

फार जवळचा. जलूद खाली निमाडात, आपण वर माळव्याच्या पठारावर. पाणी पाचशे मीटरहून जास्त चढवावं लागतं. हजार लिटर पाणी तेवढं वर नेण्यात, पंपांची घट धरून, साधारण दोन युनिट वीज जाते. ५४ कोटी लिटरचे होतात रोजचे दहा लाखांच्या घरातले युनिट. नगर निगमाचा पाणीपुरवठ्यावरचा खर्च म्हणजे मुख्यतः विजेचं बिल.

आणि याच विजेच्या तारांवर गावातली मोटर चालते. रब्बीत रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, कडाक्याच्या थंडीत, गव्हाला पाणी द्यायला जाणारा माणूस विचारतो, जलूदचे पंप दिवसभर चालतात, मग माझ्या फिडरला, म्हणजे शेताकडे येणाऱ्या लाइनला, वीज रात्रीच का? त्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नसतं.

या बाबतीत निगमाने एक चांगलं काम केलं. २०२३ च्या फेब्रुवारीत २४४ कोटींचे हरित रोखे काढून, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी गुंतवणूकदारांकडून कर्ज उभारून, जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. साठ मेगावॅट सौर म्हणजे दिवसाला अडीच-तीन लाख युनिट, म्हणजे गरजेच्या साधारण चौथा हिस्सा. उरलेले तीन हिस्से आपण पाणी जपून वापरलं तरच कमी होतील. नळातून वाया गेलेल्या प्रत्येक बादलीने आधी घाट चढलेला असतो.

जलूद आणि आसपासच्या निमाडी शेतकऱ्यांना या सगळ्यात काय मिळालं?

इंदिरासागर आणि ओंकारेश्वर धरणांच्या कालव्यांनी निमाडच्या बऱ्याच भागात पाणी आलं. कापूस आणि मिरचीच्या जोडीला गहू आला. पण पाइपलाइनच्या कडेच्या गावांची तक्रार मी स्वतः ऐकली आहे. नोकरीत असताना एका गावात व्हॉल्व्ह तपासायला थांबलो होतो. पाइपाच्या सांध्यातून थेंब थेंब गळत होतं आणि दोघी जणी तिथे कळशी लावून बसल्या होत्या. त्यातली मोठी म्हणाली, साहेब, पाइपाला जो घाम येतो तेवढाच आमचा. मी गळती बंद करून आलो, कारण तेच माझं काम होतं. ती कळशी अर्धीच भरली होती, हे मात्र आजवर विसरलो नाही.

जिथून पाणी उचललं जातं आणि ज्या गावांवरून ते जातं, त्यांना घरगुती पाणी आधी जोडून द्यायचं आणि मग पुढे जायचं, हा नियम योजनेच्या पहिल्या पानावर असायला हवा.

धरणांत ज्यांची घरं-जमिनी बुडाल्या त्या लोकांचा इंदूरच्या पाण्याशी संबंध लावणं बरोबर आहे का?

बरोबर आहे. वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याने उन्हाळ्यात खालची पातळी टिकायला मदत होते. इंदिरासागरसाठी २००४ साली हरसूद हे भरलं गाव रिकामं झालं. २०१२ साली ओंकारेश्वरच्या पाण्यात घोघलगावचे लोक निषेध म्हणून सतरा दिवस उभे राहिले, पायांची कातडी सोलली गेली तरी. आपण नळ उघडतो तेव्हा हे लोक आपल्या हिशोबात असायला हवेत. जमिनीच्या बदल्यात जमीन हे वचन लवादाच्या निवाड्यातच होतं.

उन्हाळ्यात बोअरवर बंदी येते. कॉलन्यांत मात्र बोअर चालूच असतात. हा न्याय आहे का?

मध्य प्रदेशात १९८६ चा पेयजल परिरक्षण कायदा आहे. त्याखाली कलेक्टर एखादा भाग जलअभावग्रस्त जाहीर करून नवीन नलकूप खोदायला मनाई करू शकतात, आणि इंदूर जिल्ह्यात उन्हाळ्यात ते होतं. बंदी नवीन खोदाईवर असते. आधी खोदलेल्यातून कोण किती उपसतो, हे मोजायला मीटर नाहीत.

हे समजून घ्यायला आपल्या पायाखालचा दगड माहीत हवा. माळव्याचं पठार काळ्या बेसाल्टचं आहे, तोच दगड जो महाराष्ट्रात देशावर आहे. त्याच्या पोटात वाळूसारखी पोकळी नसते. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरुमात आणि खालच्या भेगांत. 'मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर' असं आपण अभिमानाने म्हणतो. ते पग पग नीर वरच्या थरातलं होतं, विहिरीच्या दोरीला लागणारं. खाली सहाशे-आठशे फुटांवर गेलात तर एखादी भेग लागते, नाहीतर धूळच निघते. आणि भेग लागली तरी ती तुमच्या एकट्याची नसते. बायपासच्या पलीकडे नवीन टाउनशिपने चार खोल बोअर मारले की शेजारच्या गावातल्या विहिरी तळ दाखवायला लागतात.

शहर आणि शेती यांचं खरं भांडण मला इथे दिसतं. नर्मदेची लाइन पोचण्याआधी कॉलनी पोचते. नकाशा मंजूर होतो, घरं विकली जातात आणि पाण्याच्या रकान्यात 'बोरिंग' लिहिलेलं असतं. ज्यांच्या विहिरी आटतात त्यांना कोणी विचारत नाही. पाण्याची कायमची सोय दाखवल्याशिवाय ताबा देऊ नये, एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

शेतकरी स्वतःच टँकरला पाणी विकतात. मग तक्रार कशाची?

हे शहरातल्या बैठकीत कोणीतरी म्हणतंच. हो, एप्रिल-मे मध्ये शहराच्या कडेची शेतं पाण्याची शेती करतात. त्या काळात उभं पीक नसतं, हातात पैसा नसतो आणि दारात टँकर उभा राहतो. मी त्या शेतकऱ्याला दोष देत नाही. पण एका भेगेतलं पाणी विकताना तो शेजाऱ्याचंही विकतो. सांवेरकडच्या एका दाजींनी मला सांगितलं की त्यांच्या भावकीत बोलणं बंद झालं ते याच कारणाने. टँकर भरण्याची परवानगी एकट्या शेतकऱ्याऐवजी ग्रामसभेने दिली, दिवसाच्या फेऱ्या ठरवल्या आणि पैशाचा काही भाग गावाच्या तलावाला गेला, तर हा व्यवहार उजेडात येईल. टँकरचं पाणी घेणाऱ्या सोसायट्यांनीही आपलं पाणी कोणत्या गावचं आहे हे विचारायला हवं.

शेतकऱ्यांनी पाणी वाचवलं तर शहराला मिळेल, असं म्हणतात. ते खरं आहे का?

अर्धं खरं. माळव्यात खरिपाचं सोयाबीन पावसावरच येतं, त्याला वरचं पाणी फारसं लागत नाही. पाणी जातं रब्बीत : गहू, बटाटा, लसूण, कांदा. आधी इथे कठिया गहू जमिनीतल्या ओलीवर यायचा. आपले बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) आणि लाडू त्याचेच. नलकूप आले आणि चार-पाच पाण्यांचे वाण पसरले. इंदूरच्याच गहू संशोधन केंद्राने अमृता, हर्षिता, मालवकीर्ती असे कमी पाण्याचे वाण काढले आहेत. ते लावायला शेतकरी तयार असतो, पण मंडीत भाव वजनावर ठरतो, वाचवलेल्या पाण्यावर नाही. बाफल्याच्या गव्हाला इंदूरकरांनी दोन पैसे जास्त मोजले तर त्याचा परिणाम भाषणांपेक्षा मोठा होईल.

आणखी एक सावधगिरी. ठिबकने पाणी वाचतं, पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन बिघे भिजवतो, आणि तो तसं करणारच. म्हणून 'ठिबक द्या, पाणी शहराला वळवा' हा सौदा आधी कागदावर, शेतकऱ्याच्या संमतीने आणि मोबदल्यासह ठरला पाहिजे.

देवासचं उदाहरण सारखं दिलं जातं. तिथे काय झालं?

इंदूरपासून पस्तीसेक किलोमीटरवरचं देवास. नव्वदच्या दशकात तिथे रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. २००६ पासून तिथल्या प्रशासनाने मोठ्या शेतकऱ्यांना गाठून सांगितलं, आपल्या जमिनीचा दहावा-विसावा भाग तलावाला द्या. नफ्या-तोट्याचा हिशोब शेतकऱ्यांपुढे ठेवला, कर्ज मिळवून दिलं आणि जिल्ह्यात हजारो शेततळी झाली. नाव दिलं रेवासागर. रब्बीचं पाणी नलकूपाऐवजी तळ्यातून यायला लागलं. मला यात आवडतं ते हे की कोणी कोणाचं पाणी काढून घेतलं नाही. पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी थांबवलं. इंदूरच्या भोवतालच्या तालुक्यांत हे करायला जमीन अजून आहे. प्लॉट पडल्यावर नसेल.

इंदूरचं सांडपाणी कुठे जातं? आणि त्यावर हक्क कोणाचा?

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो फार क्वचित विचारला जातो.

घरात आलेल्या पाण्याचा साधारण ऐंशी टक्के भाग गटारात जातो. तो कान्ह नदीत उतरतो. कान्ह कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून वाहत उत्तरेला सांवेर तालुक्यातून जाते आणि उज्जैनच्या आधी त्रिवेणीला क्षिप्रेला मिळते. क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. म्हणजे जे पाणी भडोचजवळ खंबातच्या आखातात जायचं, ते आपल्या मोऱ्यांतून बंगालच्या उपसागराकडे निघतं. निमाडने दिलेलं पाणी निमाडला कधीच परत जात नाही. ते मिळतं सांवेर आणि उज्जैनच्या शेतकऱ्याला, आपण ज्या अवस्थेत सोडू त्या अवस्थेत.

वर्षानुवर्षं ते काळं पाणीच गेलं. सांवेरचा शेतकरी त्याच नाल्यावर इंजिन लावून गहू आणि भाजी पिकवत आला, कारण दुसरं नव्हतं. आपण तीच भाजी मंडीतून घरी आणली. पुढे कबीटखेडीला २४५ एमएलडीचं शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं, शहरभर लहान केंद्रं झाली, नाल्यांत थेट उतरणाऱ्या हजारो गटारांच्या तोंडांना बूच बसलं आणि २०२१ साली इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं शहर, ठरलं. या कामाचं कौतुक केलंच पाहिजे. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी त्यासाठी रात्री नाल्यात उभं राहून काढल्या आहेत.

आता हिशोब. पाइपातली गळती वगैरे धरून समजा अर्धंच पाणी, २७ कोटी लिटर, रोज शुद्ध होऊन निघालं. रब्बीच्या १२० दिवसांत ते होतं सव्वातीन कोटी घनमीटर, म्हणजे दहा हजार हेक्टरहून जास्त गहू. कोणतंही नवीन धरण न बांधता. आणि हे पाणी पावसावर अवलंबून नाही. दुष्काळातही शहर अंघोळ करतं.

मग हक्क कोणाचा? आज या पाण्यावर बागा, बांधकामं, उद्योग आणि शेती असे सगळेच डोळे लावून आहेत. माझं मत स्पष्ट आहे : ज्यांनी चाळीस वर्षं आपली घाण सोसली, त्या कान्हकाठच्या गावांचा पहिला हक्क. उद्योगांना पाणी विकून निगमाला उत्पन्न मिळेल हे खरं, पण गावांचा वाटा लिहून ठेवल्यानंतर जे उरेल ते विकावं.

शुद्ध केलेलं सांडपाणी शेतीला सुरक्षित असतं का?

नीट शुद्ध केलं असेल तर गहू, हरभरा, चारा, कापूस यांना चालतं. शिजवून खाल्लं जाणारं आणि जमिनीपासून वर वाढणारं पीक बरं. कोथिंबीर, पालक, मुळा, काकडी ही कच्ची खाण्याची पिकं यावर नकोत. काढणीच्या आधी काही दिवस हे पाणी थांबवावं. शेतात काम करणाऱ्या बायका-माणसांना गमबूट आणि हातमोजे हवेत, कारण पहिला त्रास त्यांच्या कातडीला होतो. कारखान्यांचं पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळू देऊ नये. जड धातू एकदा काळ्या मातीत बसले की सहजी निघत नाहीत. आणि तपासणीचे आकडे गावाच्या पंचायतीत दर महिन्याला मराठी-हिंदीत भिंतीवर लागले पाहिजेत.

शहराच्या कचऱ्याचं शेतासाठी सोनं करायची पद्धत इथेच घडली, हे जाता जाता सांगतो. आल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरला वनस्पती संशोधन संस्थेत होते, आणि त्यांची कंपोस्टची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते.

नर्मदा-क्षिप्रा जोडली गेली, आता पाण्याचा प्रश्न सुटला नाही का?

२०१४ साली ओंकारेश्वरच्या बाजूने पाणी साडेतीनशे मीटर चढवून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडलं गेलं. सेकंदाला पाच घनमीटर, म्हणजे दिवसाला ४३२ एमएलडी. २०१६ च्या सिंहस्थात लोकांनी त्यातच स्नान केलं. वाटेतल्या गावांना आणि देवास-उज्जैनला आधार झाला. पण हेही विजेवर उचललेलं पाणी आहे. पंप थांबले की नदी थांबते. वरून नर्मदा ओतायची आणि खालून कान्हची घाण मिसळायची, हे चक्र तोडल्याशिवाय या खर्चाला अर्थ नाही.

महाराष्ट्रात नाशिक-नगर आणि मराठवाडा असंच भांडतात. तिथून काही शिकण्यासारखं?

बरंच. तिथे २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. खोऱ्यात टंचाई आली तर ती सगळ्यांनी वाटून घ्यावी, हे तत्त्व त्यात आहे. मेंढेगिरी समितीने त्याला आकडा दिला : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. दरवर्षी वाद होतो, कोर्टकचेरी होते, पण भांडायला एक ठरलेली तारीख आणि ठरलेला आकडा आहे. आपल्याकडे तोही नाही. तिथल्याच २००३ च्या जलनीतीत उद्योगाला शेतीच्या आधी बसवलं होतं आणि २०११ साली तो क्रम उलटवावा लागला, तो शेतकऱ्यांनी आवाज उठवला म्हणून.

पण मला जास्त जवळचं उदाहरण पुरंदरचं वाटतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येने दिलं, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. जास्त जमीन म्हणून जास्त पाणी नाही. हा विचार शहराला लावून बघा : मोठा बंगला म्हणून मोठी जोडणी नाही.

शहराने शेतकऱ्यांना पाण्याचे पैसे द्यावेत का?

हो. आज बहुतेक घरांना मीटर नाही, महिन्याला ठरावीक रक्कम भरली की संपलं. मीटर बसवा, गरजेपुरतं पाणी स्वस्त ठेवा आणि वरच्या वापराला चढता दर लावा. त्या वरच्या दरातला ठरलेला हिस्सा जलूदच्या पंचक्रोशीला आणि कान्हकाठच्या गावांना जावा. गरीब वस्तीत मीटरने बोजा वाढेल ही भीती रास्त आहे, म्हणून पहिला टप्पा जवळजवळ फुकट हवा.

घरी काय करता येईल?

शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर आपल्या सुमारे ९५० मिलिमीटर पावसात वर्षाला ७५ हजार लिटर पाणी सहज मिळतं. ते गाळून बोअरजवळ मुरवा. टाकीला बॉलकॉक लावा. रस्त्यावर गळणाऱ्या लाइनची तक्रार करा आणि ती दुरुस्त होईपर्यंत मागे लागा. शहराला येणाऱ्या पाण्याच्या दहा टक्के एवढी गळती थांबली तर ५४ एमएलडी हाती लागतात, नर्मदेच्या पहिल्या टप्प्याच्या निम्म्याहून जास्त.

नर्मदेच्या चौथ्या टप्प्याला तुमचा विरोध आहे का?

विरोध नाही. शहर वाढतंय, बायपासपलीकडच्या लोकांनाही नळ हवा, आणि त्यांना नर्मदा मिळाली तर शेजारच्या गावांच्या विहिरींवरचा भार उतरेल. पण या वेळी पाइप टाकण्याआधी तीन गोष्टी लिहून मिळाव्यात : जलूदच्या बाजूच्या गावांना घरगुती जोडण्या आधी, लाइन पोचली तिथले कॉलन्यांचे बोअर बंद, आणि जेवढं जास्त पाणी येईल तेवढं जास्त शुद्धीकरण, सांवेरच्या गावांच्या नावावर. मागच्या महिन्यात सांवेरच्या बैठकीत हे वाचून दाखवलं, तेव्हा तेच दाजी उठून म्हणाले, शहरवाल्यांची सही आहे का यावर? मी माझी केली. आता लोकमान्यनगरच्या मंडळात कागद घेऊन जाणार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी रविवारी सकाळी नळ येऊन गेल्यावर यावं.